तीन राजे आणि मामा

हातावर तोलून बघितल्याशिवाय माझ्या मामांनी या जगातली एकही गोष्ट खरी मानली नाही. हुपरीत त्यांचं आयुष्य चांदीचे पैंजण घडवण्यात गेलं. पैंजण तळहातावर घेतला की ते वजन सांगत, आणि काट्यानं वेगळं सांगितलं तर काटा दुरुस्तीला पाठवत. ही सवय पुढं इतकी वाढली की बाजारात, "पावशेर जादा आलाय, कापून घे," म्हणून ते भोपळेवालीशी भांडत. बारशाला गेले की बायका बाळ लपवत, कारण मामा बाळ दोन्ही हातांवर घेऊन डोळे मिटत आणि सगळ्यांसमोर निकाल देत, "पावणेतीन किलो. आईला खायाला घाला जरा." वर तिच्या सासूकडं बघत.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कोल्हापुरात बी.ए.ला आम्हाला एक जुनी परदेशी शोकांतिका होती. तिच्या शेवटी म्हातारा राजा आपल्या मेलेल्या मुलीला हातांवर घेऊन येतो. सरांनी मला तिच्यावरच्या तीन सिनेमांच्या कॅसेट दिल्या आणि त्या एका प्रसंगाची तुलना करून वर्गासमोर वाचायला सांगितली. वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नसे. त्यात खोलीवर टीव्ही नव्हता, म्हणून मी हुपरी गाठली. मामांनी हौसेनं व्हीसीआर भाड्यानं आणला.

पहिला राजा मुलीला घेऊन तरातरा चालत आला. "थांबीव," मामा म्हणाले. "ह्यानं पोरगी उचललीया का उशी?" दुसऱ्यानं तिला हातांवर घेऊन लांबलचक भाषण केलं. "एवढं बोलस्तवर हात थरथराय नकोत? खालनं कुणीतरी धरलंय बघ." मी भीतभीत म्हणालो, "मामा, तो फार मोठा नट आहे." "असंल की. पण पोरगी जिती हाय. मान बघ, तिची तीच धरलीया." मग खात्री करायला त्यांनी मलाच उचललं. "मर बघू." मी मेलो. "मान सोड." मान सोडली. "न्हाय जमत तुला. कॉलेजात शिकवत्यात तरी काय?" कॅसेट मागंपुढं करण्यात ती मुलगी इतक्यांदा मेली की शेजारच्या काकू पिठाच्या हातानं दारात आल्या आणि म्हणाल्या, "अजून जीव गेला न्हाय व्हय हिचा?"

तिसऱ्या राजाला धड चालताच येत नव्हतं. मुलगी हातांतून घसरत होती, तो तिला पुन्हा पुन्हा वर घेत होता. हा नट कच्चा आहे, असं सरांनी आधीच सांगितलं होतं. या वेळी मामांनी थांबव म्हटलं नाही. प्रसंग संपल्यावर, "ह्यो खरा," एवढंच बोलले. मग व्हीसीआर बंद करत म्हणाले, "आमची सुमी अकरा वर्सांची हुती. एका हातानं उचलायचो तिला. दवाखान्यातनं आणताना दोन हात पुरलं न्हाईत. जितं पोर आपल्याला धरतंय रं. मेलेलं धरत न्हाय, म्हणून जड हुतंय."

ते शेवटचं वाक्य मी शुद्ध भाषेत करून वहीत लिहिलं. वाचायच्या दिवशी मामा धुतलेली टोपी घालून मागच्या बाकावर येऊन बसले. ते वाक्य आलं आणि सरांनी मला थांबवलं. "हा विचार कुणाचा?" त्यांनी विचारलं. मागं मामा होते, तिसरीत शाळा सुटलेले. नाव घेतलं तर सगळी मुलं वळून बघतील, हसतील, एवढंच माझ्या मनात आलं. "पुस्तकात वाचलं, सर," मी म्हणालो.

हुपरीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. "मामा, मी तुमचं नाव..." मी सुरुवात केली. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "सुमीचं नाव वर्गात कशाला?" सबब त्यांनीच शोधून माझ्या हातात दिली, आणि मी ती मुकाट्यानं घेतली. मग त्यांनी विचारलं, "त्या राजाचं फुडं काय झालं रं?"

"तोही तिथंच मेला, मामा. तिच्याजवळ."

मामा बाहेरच्या उसाकडं बघत राहिले. "राजा हुता, जमलं त्याला," ते म्हणाले. "मी दुसऱ्या दिशी सकाळी कामाला बसलो."