सर्व जागा भरल्या आहेत

त्याला सगळे दादा म्हणायचे. सख्खी धाकटी बहीण म्हणायची ते ठीकच, पण त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा, विमा कंपनीतला टकलूसुद्धा "दादा, एक शंका होती" अशीच सुरुवात करायचा. आणि दादाला ते आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं.

आठवडाभर तो पाणीपट्टीची बिलं काढणाऱ्या प्रोग्रामची डागडुजी करायचा. ऑफिसात त्याला कुत्रं विचारत नव्हतं. पण शनिवारी दुपारी छापखान्याच्या वरच्या खोलीत गावातले प्रोग्रामर जमायचे, आणि तिथं तो राजा! विषय त्यानं ठरवायचा, फळ्यावर त्यानं मांडायचा, बोलायचंही त्यानंच. मध्ये कुणी तोंड उघडलं की हा हात वर करायचा, "शंका शेवटी." शेवट येईपर्यंत छापखान्याचा मालक दारात किल्ल्या वाजवत उभा राहिलेला असायचा, त्यामुळे शंका बहुतेक जिन्यातच विरायच्या. तरी माणसं यायची. नाहीतर करणार काय? घरी एकट्यानं स्क्रीनकडे बघत डोकं धरून बसायचं, एवढंच होतं.

बहिणीला त्यानंच शिकवलं. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. दुकान बंद पडलं, पोरगी रडकुंडीला आली, तेव्हा यानं तिला जेवणाच्या टेबलाशी बसवून पहिला प्रोग्राम लिहून घेतला. चुकली की टपली मारायचा, जमलं की आईला हाक मारून दाखवायचा. तिला नोकरी लागली तेव्हा तिच्याहून यालाच जास्त आनंद झाला होता. का नाही होणार? तोवर ती त्याच्या हाताखालची होती ना!

मग एक दिवस तिनं रविवारचा स्वतःचा गट काढला. तोही कुठे, तर बालवाडीत! भिंतीवर ससे, बसायला बुटक्या खुर्च्या, मोठमोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलेली. शिकवणं असं काही नाहीच. ज्याचं जे अडलंय ते त्यानं घेऊन यायचं, दोघादोघांनी एका लॅपटॉपशी बसायचं, आणि एकाचं अडलेलं दुसऱ्यानं सोडवायचं. ही बाई खुर्च्यांमधून फिरत म्हणणार, "हे मलाही येत नाही हं, बघू या."

"येत नाही हे सांगायला गट कशाला काढायचा?" दादा आईला म्हणाला.

"पण येतात रे लोक," आई म्हणाली. "मी गेले होते डबा द्यायला. केवढे हसत होते सगळे! तुझ्याकडे हसतात का रे?"

आईला कुठं काय बोलावं ते कधी कळलंच नाही. दादा ताटावरून उठला.

नोकरदार माणसाला आठवड्यात एकच दुपार मोकळी मिळते. ती छापखान्यावर घालवायची की बालवाडीत, हे लोक ठरवू लागले. पहिला फुटला टकलू. "दादा, या शनिवारी जरा घरचं काम आहे," असा फोन आला, आणि रविवारी बहिणीनं पाठवलेल्या फोटोत हा बुटक्या खुर्चीवर बसून दात काढतोय! दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. हळूहळू बाकीचेही पांगले. छापखान्याचा मालक एकदा सहज बोलल्यासारखं म्हणाला, "माणसं येत नसतील तर मला तिथं कागद ठेवायला जागा होईल." म्हणजे आता खोलीही जाणार. खोली गेली की शनिवार गेला, आणि शनिवार गेला की दादा पाणीपट्टीच्या बिलांपुरता उरला.

बरं, बहीण वाईट वागली असती तरी सोय होती. पण ती भेटेल त्याला सांगायची, "मला सगळं दादानं शिकवलं." हे ऐकलं की तो आणखीच जळायचा. आपल्या जिवावर मोठी होते आणि वर कौतुकही करते, म्हणजे भांडायलासुद्धा जागा ठेवत नाही!

बालवाडीत बाराच जणांची सोय होती, म्हणून बहिणीनं नाव नोंदवायचं एक पान इंटरनेटवर ठेवलं होतं. गुरुवारी सकाळी ते उघडायचं, बारा नावं झाली की "सर्व जागा भरल्या आहेत" असं दिसायचं. दादानं बारा खोटे ईमेल पत्ते तयार केले आणि एक छोटासा प्रोग्राम लिहिला. पान उघडलं रे उघडलं की बारा बनावट माणसं आत! इतका नीटनेटका प्रोग्राम त्यानं वर्षभरात लिहिला नव्हता. गुरुवारी ऑफिसातल्या चहाच्या सुट्टीत त्यानं ते वाक्य मोबाइलवर वाचलं आणि त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं शेजारच्यालाही चहा पाजला.

आता झक मारत येतील शनिवारी, असा त्याचा हिशोब. आली किती? तीन. त्यातली कुरिअर ऑफिसातली मुलगी जिन्यातच म्हणाली, "उद्याचं फुल्ल झालं ना हो ताईंचं, म्हणून म्हटलं चला, इकडे जाऊ." तिच्या मनात काही नव्हतं. पण दादाला ते असं झोंबलं की त्या दिवशी त्यानं फळ्यावर काय लिहिलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

रविवारी बायकोला केस कापायला जातो असं सांगून तो बालवाडीवर गेला. कशाला? बघायला. दुसरं काय! बहिणीचं पडलेलं तोंड एकदा डोळे भरून बघायचं होतं. त्यानं खिडकीतून डोकावलं. बारा खुर्च्या जोडीजोडीनं मांडलेल्या, थर्मास भरलेला, आणि ती एकटी हातात मोबाइल धरून बसलेली.

"दादा? अरे, बाहेर काय उभा आहेस, ये ना!"

पळता येईना. तो आत जाऊन एका बुटक्या खुर्चीवर टेकला.

"बारा जणांनी नाव दिलं आणि कुणीच आलं नाही," ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे. "कंटाळले असतील मला. मला नाही जमायचं हे, दादा. बंदच करते. ते तुझंच काम."

हेच ऐकायला तर तो आला होता! क्षणभर त्याचा जीव सुपाएवढा झाला. "जाऊ दे गं," तो मोठेपणानं म्हणाला, "सगळ्यांनाच जमतं असं नाही."

तिनं नाक पुसलं. मग त्याच्याकडे बघत राहिली.

"तू नाव दिलं नव्हतंस," ती हळूच म्हणाली. "जागा भरल्यात असं सगळ्या गावाला दिसत होतं. मग एरवी कधी न फिरकणारा तू आजच कसा आलास?"

दादानं भिंतीवरच्या सशाकडे पाहिलं. चेहऱ्यावर सगळं आलं असावं, कारण ती पुढं काही विचारायला थांबली नाही. तिनं मोबाइलवर भराभर चार ओळी लिहिल्या, गटातल्या सगळ्यांना लगेच या म्हणून पाठवल्या आणि खुर्च्या उगाच इकडच्या तिकडे करत राहिली.

चहा गार व्हायच्या आत माणसं आली. टकलू तर धापा टाकत. "ताई, फुल्ल होतं ना? काय घोळ झाला?"

दादाचे कान तापले.

"पानातच गडबड होती," बहीण म्हणाली. "खोटी नावं भरली गेली होती. दादाच्या लक्षात आलं, म्हणून तो मुद्दाम सांगायला आला."

"बघा! दादा तो दादाच!" टकलूनं त्याच्या पाठीवर थाप मारली. कुरिअरवालीनं टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनीही वाजवल्या. इतक्या टाळ्या छापखान्यावर कधी पडल्या नव्हत्या. बहीण कपांत चहा ओतत होती, त्याच्याकडे बघतही नव्हती.

आणि दादा पुन्हा जळला. यातही हीच मोठी! आपण एवढं केलं आणि हिनं दोन वाक्यांत पोटात घातलं. आता जन्मभर हिच्या उपकाराखाली राहायचं? छे! निदान खरेपणा तरी आपल्या पदरात पडू दे, असं म्हणून तो ताडकन उठला.

"ती खोटं बोलतेय," तो म्हणाला. "नावं मीच भरली होती."

टाळ्या थांबल्या. त्याला वाटलं होतं, आता सगळे आपल्याकडे बघतील. पण सगळे तिच्याकडे बघत होते. टकलू म्हणाला, "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

तिनं हातातला कप खाली ठेवला. चेहरा लालबुंद झाला होता. "हो," ती म्हणाली. मग दादाकडे वळली, आणि लहानपणी टपली खाल्ल्यावर यायचा तसला बारीक आवाज आला, "एवढी एकच गोष्ट मी तुझ्यासाठी केली होती रे. तीही तू माझ्याकडे ठेवली नाहीस."