मोटारीच्या झाकणातली हळद

ती घटना आठवली की आजही हसू येतं, आणि तेव्हाच्या माझ्या रुबाबाची लाजही वाटते.

उजनीकाठच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. धरणातून शेताला पाणी उपसणारी मोटार चोरीला गेल्याची तक्रार घेऊन एक शेतकरी बाई आल्या. केळी घडांवर आलेली. आठवडाभर पाणी चुकलं तर वर्षाची मेहनत मातीत. मोटारीचा नंबर त्यांना ठाऊक नव्हता. दर दसऱ्याला वायरच्या पेटीच्या झाकणात, आतल्या बाजूनं, हळदीची पाच बोटं उमटवते म्हणाल्या. बाहेरची पाण्यानं जाते म्हणून. मी ऐटीत सांगितलं, हळद पुरावा होत नाही, नंबर आणा.

"नंबर कंपनीचा असतुय सायेब. बोटं माजी हायती."

तिसऱ्या दिवशी एका मासेमाराकडून खबर लागली. शेजारच्या गावातल्या एका इसमाकडे मोटार मिळाली, पण नवा रंग दिलेली, नंबरपट्टी काढलेली. जुन्या बाजारातून घेतली, यापलीकडे तो बोलेना. वर ताजं हळदीकुंकू होतं. ते त्याच्या आईनं वाहिलेलं. आमच्याकडे चोरीच्या मालाचीही पूजा चुकत नाही. झाकण आतून पुसलेलं, डोळ्यांना काही दिसेना.

पंच म्हणून आलेले विज्ञानाचे मास्तर म्हणाले, काही वनस्पतींतली द्रव्यं जांभळ्या प्रकाशात स्वतःच उजळतात. पालकाचा अर्क लाल दिसतो, हळद हिरवट पिवळी. पुसली तरी डाग राहतो. किराणा दुकानातून नोटा तपासायचा दिवा मागवला आणि भरदुपारी ठाण्याच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. दिवा लागताच पहिल्यांदा चमकल्या त्या आमच्या हवालदारांच्या मिशा. जेवणात पिठलं होतं.

"सायेब, आदी ह्यास्नी आत घ्या की," संशयित म्हणाला. मास्तरसुद्धा हसले.

मी सहज विचारलं, तुझ्या आईनं झाकणात आतूनही हळद लावली होती का?

"न्हाय. आतनं कोन लावतंय?"

हा जबाब लिहून घेतला, मग झाकण दिव्याखाली धरलं. आत पाच बोटं उजळली. त्यातलं मधलं अर्धंच. ओळख पटवायला बोलावलेल्या बाईंनी शेजारी आपला हात धरला. त्यांचं मधलं बोट अर्धं कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेलं होतं. त्या इसमाचं हसू मावळलं आणि तासाभरात त्यानं कबुली दिली.

मोटार न्यायालयाच्या आदेशानं, खटला संपेपर्यंत सांभाळायच्या हमीवर, लगेच बाईंकडे परत गेली, केळी वाचली. त्यानंतर कुणी "ही वस्तू माझीच" म्हणालं की मी आधी विचारायचो, कशावरून ओळखता? आणि ऐकून घ्यायचो. दसऱ्याला सीट खराब होते म्हणून मी बायकोला मोटारसायकलीला हळद लावू देत नसे. आता सीट मीच उचलून धरतो, ती आतून बोटं उमटवते.