तापीमाय माझ्या चुलीपर्यंत येते!

चहा ओता आधी, मग सांगतो. ही फजिती कोरड्या घशानं सांगण्यासारखी नाही. आणि मध्ये हसायचं नाही बरं का. हसायचंच असेल तर आत माझी बायको बसलीय, तिच्याबरोबर हसा. ती अजून हसतेय.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आमचं गाव तापीच्या काठावर, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दौलत माझा चुलत भाऊ. त्याचं घर खाली, नदीच्या अंगाला. माझं घर वर टेकाडावर. वाटण्या झाल्या तेव्हा सगळे मला म्हणाले, तुझ्या वाट्याला चांगली जागा आली. डोंबलाची चांगली!

का, ते ऐका. पावसाळ्यात तापी भरली की पाणी दौलतच्या पायरीला लागतं. लगेच गावभर बोभाटा, माय दारी आली! मग दौलतची बायको नवं लुगडं नेसून पुढं होणार, खण-नारळानं नदीची ओटी भरणार, आणि बाकीच्या बाया तिच्या मागं. त्या बाकीच्यांत माझी बायको! जावेच्या पायरीवर ताटकळून ओटी भरायची आणि घरी येऊन मला ऐकवायचं, "आपला घरले माय कधी येसच नही." जसं काही मीच नदीला येऊ नकोस म्हणून कळवलं होतं.

तर असा मी आधीच जळत होतो. त्यात दौलतनं घराचा विमा उतरवला! आगीचा आणि पुराचा. सुरतेहून विमावाला आला, नंदुरबारला आगगाडीतून उतरला, तिथून दौलतच्या बैलांच्या दमणीत बसून थेट गावात. जाताना दाराच्या चौकटीवर पत्र्याची पाटी ठोकून गेला. तांबडी, चकचकीत! माणसं वाट वाकडी करून पाटी बघायला जायची. एका म्हातारीनं तर तिला हात जोडले, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या पोटात असं दुखायला लागलं की ओवा चावूनही थांबेना. नदीही त्याच्याच दारी, कंपनीही त्याच्याच दारी! मग मी काय टेकाडावर बसून नुसता वारा खायचा?

नुसती पाटी असती तरी गिळली असती हो. पण माझा भगवान आणि दौलतचा रघुनाथ, दोघंही लग्नाचे झालेले. कळसाडीच्या एका पाटलांची मुलगी होती, कामाला चलाख, बोलायला गोड. दोन्ही घरांत तिचंच नाव निघत होतं. मुलीचा बाप आधी माझं घर बघणार आणि मग दौलतचं. आता तुम्हीच सांगा, तिकडं तांबडी पाटी आणि इकडं बोडकी चौकट! सून गेलीच म्हणायची की नाही माझ्या हातची?

म्हणून मी डोकं लढवलं. काय पण डोकं! ज्या दिवशी पाव्हणे यायचे होते, त्याच दिवशी विमावाल्यालाही बोलावलं. म्हटलं, पाव्हण्यांच्या डोळ्यांदेखत विमा उतरू दे, पाटी ठोकू दे. आणि ठोकताना जरा जोरात ठोक बाबा, खाली दौलतला ऐकू जायला पाहिजे.

ठरल्याप्रमाणे सगळे जमले. कळसाडीचे पाव्हणे ओसरीवर लोडाला टेकून बसले. शेजारी विमावाला, मांडीवर चामडी बॅग. माझ्या बाजूनं बोलायला माझे दोन दोस्त, भिला नाना आणि हिरामण. दोघंही माझ्यासाठी जीव टाकणारे. तिथंच घात झाला.

विमावाल्यानं टाक दौतीत बुडवला आणि विचारलं, "पाटील, पुराचं पाणी घराच्या किती जवळ येतं?"

खरं काय होतं? कधीच येत नाही! एवढं म्हटलं असतं तर चहा गार व्हायच्या आत पाटी लागली असती. पण माझ्या मनात आलं, माय दौलतच्या दारी येते आणि माझ्या दारी येत नाही, हे मी माझ्याच तोंडानं सांगू? तेही पाव्हण्यांसमोर?

"जवळ काय म्हणता?" मी म्हटलं. "आत येतं! थेट चुलीपर्यंत!"

विमावाल्याचा टाक तिथंच थांबला. मला वाटलं, गडी चाट पडला.

"आणि दौलत पाटलांकडे?"

"हॅट! तिथं काय, पायरी भिजवते आणि जाते. आमच्याकडे माय मुक्कामाला येते, मुक्कामाला!"

मी नानाला डोळ्यानं खूण केली. नाना पुढं सरसावला. "खरं शे साहेब. मागना सालले चूलवर भाकर व्हती, तव्यासगट वाही गयी!"

हिरामण मागं राहतो होय? "भाकरनं काय लई बसनात नाना? कोठीनी जवारी वाही गयी! मी सोता पवत वनू नि आप्पाले माळावरतीन काढं!"

काय सांगू, माझी छाती अशी फुगली! दौलतच्या पायरीचं नावसुद्धा कुणी घेईना. मी आणखी पुढं जाऊन म्हटलं, "आणि म्हशीचं सांग ना, हिरामण."

"म्हैस?" हिरामण जरा अडखळला, पण दोस्तीला जागला. "म्हैस आढाले टांगेल व्हती!"

विमावाल्यानं टाक पुसला, दौतीला बूच लावलं आणि बॅग बंद केली.

"पाटील, हा विमा आमची कंपनी घेणार नाही. दरवर्षी बुडणारं घर कोण घेईल?"

"मग दौलतचा कसा घेतला?"

"त्यांनी सांगितलं, नदी फार तर पायरी भिजवते. मला जरा शंका होती. पण आत्ता तुम्हीच साक्ष दिलीत. बरं झालं."

ऐकलंत? दौलतच्या विम्याचा जामीन मीच!

तेवढ्यात पाव्हणे उठले. पागोटं नीट केलं, जोडे पायात घातले. मी धावलो. "पाव्हनं, चहा तं ल्या!"

"नको आप्पा. माय तुम्हना घरले येस, तुम्हनं भाग्य मोठं शे," पाव्हणे हात जोडून म्हणाले. "पन मन्ही पोरले पवता येस नही."

आता मात्र माझं धाबं दणाणलं. "अहो पाव्हनं, बठ्ठं खोटं शे! आठे टेकाडवर पानी कसाले येई? आनि म्हैसले कोनी आढाले टांगस का?"

पाव्हण्यांनी एकदा आढ्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "म्हंजे घर बुडत नही, पन घरधनी खोटं बोलस? मंग तं जास्तच कठीन."

आणि उतरले टेकाड. सरळ दौलतच्या ओसरीवर! त्या दिवशी तिथं चहाही झाला, पोहेही झाले आणि सुपारीही फुटली. वरून मला सगळं दिसत होतं. टेकाडावरच्या घराचा तेवढाच उपयोग.

रघुनाथचं लग्न थाटात झालं. मी जेवलो, दोनदा बुंदी घेतली आणि घासागणिक जळलो.

त्याच पावसाळ्यात तापी अशी भरली की पायरीवर थांबलीच नाही, दौलतच्या माजघरात शिरली. विम्याचं पुढं काय झालं ते दौलतच जाणे. पण बिऱ्हाड घेऊन सगळे चढले ते माझ्याच घरी. ती नवी सूनसुद्धा. आणि राहिले! घर पुन्हा उभं राहीपर्यंत राहिले.

पोरीचा हात काय सांगू! भाकरी अशी थापायची की माझी बायको आधी भाकरीकडं बघायची आणि मग माझ्याकडं. मी आपला खाली मान घालून गिळायचो.

एक दिवस सकाळी मी ओसरीवर बसलो होतो. आत चुलीपाशी ती पोर अगदी भाबडेपणानं माझ्या बायकोला विचारत होती, "काकूबाई, हाई घर इतलं उच्चं नि इतलं कोरडं शे. मन्हा बापनी हाईच घर आधी का नही दखं?"

बायकोनं भाकरी उलटली आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "दखं व्हतं ना बाई. पन त्या दिनले हाई घर पानीमा व्हतं."