झोपमोड

धाराशिवहून सुटलेल्या एसटीत ती म्हातारी खिडकीशी बसली होती आणि मी तिच्या शेजारी. तिच्या मांडीवर ओटीची पिशवी. येडाईच्या दर्शनाला येरमाळ्याला उतरणार म्हणाली. मग माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा माझं डोकं तिच्या खांद्यावर होतं. माझ्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून तिनं खिडकीला पदर ताणून धरला होता. येरमाळा केव्हाच मागं पडला होता.

"अहो, मला उठवायचं नाही का?" मी जवळजवळ रागावलेच.

"लई गाढ झोपला व्हता तुमी. झोपलेल्याला उठवू न्हाय बाई, पाप लागतं. म्होरल्या फाट्याला उतरून येते की माघारी."

झोप मोडली की मेंदूचं आणि वागण्याचं काय होतं, हे शोधण्यात माझी उभी हयात गेली. प्रयोगशाळेत उंदराचे डोळे मिटू लागले की मी पिंजरा हलवते. पुन्हा मिटले की पुन्हा हलवते.

फाटा आला. उतरायला उठताना तिनं सहज विचारलं, "तुमी काय काम करता, बाई?"

मी पर्सची चेन उगाच उघडली, लावली.

"कॉलेजात शिकवते," म्हणाले.