बिनलोखंडी खोली

वेधशाळेतल्या त्या खोलीत लोखंडाचा एक खिळासुद्धा नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाची थरथर मोजणारं यंत्र लोखंड जवळ आलं की बिथरतं. म्हणून आत जाण्याआधी वैशालीताईंनी केसांतल्या पिना काढून दारातल्या पितळी ताटलीत ठेवल्या. सूर्यावर स्फोट झाला होता आणि त्याचं वादळ दुपारी इथे पोचेल, असा त्यांचा अंदाज होता. तो खरा की खोटा, हे आजची नोंदच सांगणार होती.

यंत्र लावून त्या बाहेर आल्या. आम्ही शेजारच्या खोलीत पडद्यावरची रेघ बघत बसलो. तेवढ्यात फाटकावरची 'वाहने बाहेर ठेवा' ही पाटी न वाचता, वादळ बघायला आलेल्या एका पुढाऱ्याची गाडी थेट भिंतीशी आली आणि रेघ उसळली.

"आलं का हो वादळ?" त्याने खिडकीतून विचारलं.

"नाही साहेब, तुम्ही आलात," ताई म्हणाल्या.

तो खूश होऊन हसला. अशा माणसांना अपमानही हारासारखा गळ्यात घालता येतो. सूर्य एवढा मोठा, पण तोसुद्धा येण्याआधी वर्दी देतो.

फोटोसाठी गाडी दुपारभर मागेपुढे होत राहिली. वादळ आलं की नाही, ते त्या नोंदीतून कुणालाच सांगता येणार नाही. ताईंच्या पिना मात्र संध्याकाळपर्यंत ताटलीतच होत्या.