धंदा बदला, आकडे तसेच ठेवा

त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं. बाकी सगळ्या कॉलेजात ते ‘समजा सर’. अर्थशास्त्राचा तास ते कायम त्याच एका शब्दाने सुरू करायचे. “समजा, एक बेकरी आहे.” “समजा, एका बाईकडे दोन शिलाई मशिनं आहेत.” पुस्तकातली व्याख्या त्यांनी फळ्यावर लिहिलेली मी बावीस वर्षांत पाहिली नाही. मी त्यांच्या विभागाची टायपिस्ट. मला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणायचे. आणि विभाग म्हणजे तरी काय हो? जिन्याखालची एक खोली, दोन टेबलं, लाथ घातल्याशिवाय न उघडणारं एक कपाट, आणि आम्ही दोघं.

वर्ग संध्याकाळी सहाला भरायचा, दिवसभर नोकरी करून येणाऱ्यांसाठी. लिफ्ट चालवणारा असायचा, नर्स असायची, चपलांच्या दुकानात उभं राहून पाय सुजलेल्या दोघी असायच्या. ‘मागणी आणि पुरवठा’ म्हटलं की या मंडळींच्या माना पडायच्या. “समजा, तुमच्याच दुकानात...” म्हटलं की डोळे टक्क उघडायचे. म्हणून सरांनी ही पद्धत धरली होती. खरी उदाहरणं गोळा करायची, त्यांची ‘प्रकरणं’ करायची आणि वर्गाकडून सोडवून घ्यायची.

त्यासाठी हा गृहस्थ दर रविवारी गावभर हिंडायचा. घड्याळजी, लाँड्रीवाला, केस कापणारा, कुणाच्याही स्टुलावर जाऊन बसायचं आणि विचारायचं, गिऱ्हाईक किती येतं, माणसं किती ठेवलीत, कुठे अडतं. काही जण सांगायचे, काही जण हाकलायचे. सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर कागद हजर. अक्षर असं, की मुंगीला शाईत बुडवून कागदावर सोडलंय जणू. आणि वर सूचना ठरलेली, “बाई, धंदा बदला, आकडे तसेच ठेवा.”

लोकांनी विश्वासाने सांगितलेलं असतं, त्यांची ओळख फुटता कामा नये, म्हणून. मग मी लाँड्रीची बेकरी करायचे, घड्याळजीचा चष्मेवाला करायचे. एकदा केस कापणाऱ्याची बेकरी केली आणि ‘गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर लावणे’ हे वाक्य तसंच राहिलं. वर्ग आठवडाभर हसत होता. सर मात्र लाल पेनाने त्या वाक्याभोवती गोल काढून माझ्याकडे आले आणि इतकंच म्हणाले, “बाई, या पावाला दाढी येते वाटतं.” माझी प्रत्येक चूक ते अशी लाल गोलात पकडायचे. त्यांच्या हस्ताक्षरातल्या चुका मी टाइप करताना गुपचूप सुधारायचे. आमचा हिशेब फिट्टंफाट होता.

वर्गात त्यांचे दोन नियम होते. पहिला, ओळख लागली तरी उत्तर बदलायचं नाही. “चेहरा बघून सोडवलेलं प्रकरण मी तपासत नाही,” असं म्हणून त्यांनी चांगल्या चांगल्यांना शून्य दिलंय. दुसरा, उत्तर निघालं की लगेच वही मिटायची नाही. सर खडू खाली ठेवून विचारायचे, “आता सांगा, या कागदावर कोण नाही?” एकदा सगळ्या वर्गाने एकमताने लाँड्रीत मशीन बसवलं आणि इस्त्रीची भट्टी विझवून टाकली. सरांनी हा प्रश्न विचारला. मग नर्स म्हणाली, “शेजारची म्हातारी नाही, सर. तिचं आंघोळीचं पाणी त्या भट्टीवरच तापत असणार.” सरांचा चेहरा असा फुलला, की त्या दिवशी मलाही माझी नोकरी आवडली.

मग नवे प्राचार्य आले. सरांचेच विद्यार्थी, पहिल्या बाकावरचे. गुरूची विद्या गुरूलाच फळते म्हणतात, ती कशी फळते ते मला बघायचं होतं.

एका दुपारी त्यांनी मला वर केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, टाइप करा. “समजा, शहरात बसचा एक मार्ग आहे. फेरी संध्याकाळी सहाची. प्रवासी पूर्वी साठ होते, आता चौदा.” माझी बोटं थांबली. आमच्या वर्गात त्या वर्षी चौदाच जण होते. “चालक एक. नोकरी बावीस वर्षं, निवृत्तीला तीन वर्षं बाकी. वाहक एक. हा मार्ग चालू ठेवावा की बंद करावा?”

धंदा बदललेला, आकडे तसेच.

मी मान वर केली. प्राचार्य हसले. “बाई, तुम्ही हुशार आहात. सरांकडून याचं आदर्श उत्तर लिहून घ्यायचंय, शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी म्हणून. तुम्ही मध्ये बोलू नका. तुमच्या जागेचं अजून काही ठरलेलं नाही.”

माझा नवरा तेव्हा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला होता. घरात मिळवती मी एकटी. मी ‘बरं’ म्हटलं. मांजर डोळे मिटून दूध पितं ना, तशी खाली मान घालून जिना उतरले. स्वतःला सांगितलं, सरांना कळेलच की! आयुष्यभर हेच तर केलंय त्यांनी. मी कशाला बोलू?

सरांनी कागद वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला.

“बाई, हे कुठून आलं?”

“वरून आलंय. प्रशिक्षणासाठी हवंय म्हणे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी कपाट उघडायला उठले, ज्यातलं मला काहीही नको होतं. एवढी लाथ त्या कपाटाला मी कधी घातली नव्हती. “मांडणी चांगली आहे,” सर म्हणाले आणि पेन काढलं.

तीन दिवस लिहीत होते. चौथ्या दिवशी तीन पानं माझ्याकडे आली. मार्ग बंद करावा, असं स्पष्ट लिहिलं होतं. प्रवासी दर वर्षी घटताहेत, बस दुसऱ्या गर्दीच्या मार्गावर जास्त लोकांच्या कामी येईल, चालकाची जुनी नोकरी हे मार्ग चालू ठेवायचं कारण होऊ शकत नाही. शेवटच्या पानावर दोन अटी. एक, चालू फेरी पूर्ण करूनच मार्ग बंद करावा, गाडीत बसलेल्या माणसाला मध्येच उतरवू नये. दोन, वाहकाला काढू नये, तिला दुसऱ्या मार्गावर घ्यावं.

‘तिला’? वाहक म्हणजे पुरुषच, असं मी धरलं होतं. सरांच्या हाताची चूक, म्हणून मी ‘त्याला’ केलं आणि पुढे गेले. सवयच ती. थांबून विचार करायचा नव्हता मला, हेही खरं. मूळ पानं आणि टाइप केलेली पानं नेहमीसारखी टाचणीने जोडून त्यांच्याकडे दिली, एक प्रत वर गेली.

पंधरा दिवसांनी बैठक झाली. टिपणं घ्यायला मीच होते. प्राचार्यांनी पहिली दोन पानं वाचून दाखवली, अटींचं पान सोडून, आणि मग बसच्या जागी वर्ग घालून पुन्हा वाचली. म्हणाले, “हे माझं मत नाही. तज्ज्ञांचं आहे. सही बघा.” सगळे सरांकडे बघायला लागले. मला वाटलं आता उठतील, टेबलावर हात आपटतील, म्हणतील फसवलंत तुम्ही मला. अहो, मी मनातल्या मनात त्यांना हात जोडत होते, उठा म्हणून!

“सर, हे उत्तर तुमचंच ना?”

“माझंच आहे.”

“मग ते चुकलंय का?”

“नाही. उत्तर बरोबर आहे,” सर म्हणाले. “फक्त तुम्ही शेवटचं पान वाचलं नाहीत.”

शेवटचं पान कुणी मागितलं नाही. मी टिपणात लिहिलं, ‘चर्चा होऊन ठराव मंजूर.’

वर्ग वर्षाच्या मध्येच बंद झाला. चौदा जणांना दिवसाच्या वर्गात बसा म्हणून पत्रं गेली, तीही मीच टाइप केली. दिवसा बसायची सोय असती तर ते संध्याकाळी कशाला आले असते? तिघं कसेबसे टिकले. नर्स परीक्षेला दोन महिने उरले असताना सोडून गेली. सरांना लवकर निवृत्ती दिली. निरोप वगैरे काही नाही. ते आले, कपाटाला लाथ घातली, फायली काढल्या आणि रिक्षात घालून घेऊन गेले. माझी मात्र परीक्षा विभागात सोय झाली. टायपिस्ट कुठेही लागते म्हणे.

त्यानंतर सर मला एकदाच भेटले, फाटकाशी, कसल्याशा दाखल्यासाठी आले होते. शर्ट इस्त्रीचा होता, पण गळ्याशी दोन बोटं सैल. म्हणाले, “घरी शिकवणी काढलीय. समजा, एक मास्तर आहे आणि विद्यार्थी शून्य.” मी हसले नाही, मग तेही हसले नाहीत. “नर्सचं काय झालं?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. “उतरवलंच शेवटी,” एवढं बोलून ते चालायला लागले.

निवृत्तीनंतर अकरा महिन्यांत सर गेले. झोपेतच, छातीत कळ आली म्हणतात. मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोने, वहिनींनी, फायलींचा ढीग पुढे ठेवला. “बाई, रद्दीत घालायच्या आधी तुम्ही एकदा बघा. मला त्यांचं अक्षर लागत नाही. तुम्हालाच लागतं.”

बसचं प्रकरण सगळ्यात वर होतं. टाचणी गंजली होती. टाइप केलेल्या शेवटच्या पानावर ‘त्याला’ या शब्दाभोवती लाल गोल, आणि बाजूला मुंगीच्या पायांनी लिहिलेलं,

‘बाईंनी “तिला”चं “त्याला” केलं. म्हणजे हे आपलंच प्रकरण आहे हे त्यांना कळलेलं नाही. बरं झालं. उगाच जिवाला लावून घेतलं असतं.’

तिला. म्हणजे मला. सगळं ओळखून बसले होते, आणि स्वतःला बंद करताना मला तेवढं वाचवून ठेवलं होतं. वर मलाच निर्दोष धरून गेले. माझा पगार त्या एका अटीवर चालू आहे, आणि तिच्यातला माझा शब्दही मीच खोडला होता. जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं वाटलं मला त्या घरात, त्या बाईसमोर.

“काय लिहिलंय हो?” वहिनींनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “माझी टायपिंगची चूक दाखवलीय.”