सदरा, विजार आणि माझं जाकीट

आमच्या आठ वर्षांच्या ओवीला मराठी वाचायला शिकवायचं काम मी स्वतः अंगावर घेतलं, आणि ते पूर्ण यशस्वी झालं.

दोष सगळा माझ्या साडूंचा! दिलीपरावांचं हिमायतनगरात ऐसपैस घर, पोरं महागड्या शाळेत, आणि अंगात काहीही घातलं तरी त्याला त्यांच्याकडे एकच शब्द, ‘ड्रेस’! (बापाला तरी कुठे दुसरा येतो?) एकदा जेवताना मी फुशारकी मारली, "तुमच्या बंटीच्या वाढदिवसाला आमची ओवी चारचौघांत मराठी वाचून दाखवेल. नाही वाचलं, तर मी मराठीवर पुन्हा भाषण देणार नाही!"

"शब्द देताय?" दिलीपरावांचा चेहरा उजळलाच.

अंबरपेठेला घरी आलो आणि धडा सुरू केला.

"पप्पा, सदरा-बिदरा नक्को! शर्ट बोले तो बस है ना?" ओवी गल्लीतल्या दखनी हिंदीत म्हणाली.

"बस नाही! सदरा म्हण!"

डोंबल शिकतेय! मग मी घरातल्या कपड्यांना वाक्यांच्या चिठ्ठ्याच टाचल्या. वाक्यं रोजच्या जगण्यातली हवीत, हे माझं शिक्षणशास्त्र! ‘ही विजार आहे. विजारीची नाडी आत गेली आहे.’ इस्त्रीवाला चिठ्ठ्यांसकट कपडे परत आणायचा आणि माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. ओवी तर चिठ्ठी उपटून कपडा घालायची. शेवटी मी बायकोच्या कपाटाशी पोचलो. ‘ही आईची साडी आहे. आईकडे कपाटभर साड्या आहेत. तरी आई म्हणते, नेसायला काही नाही.’

सुनंदाने ते वाचलं आणि माझ्या कोऱ्या चिठ्ठ्या-टाचण्या उचलून नेल्या. (शहाण्याला तिथेच घाम फुटला असता!)

वाढदिवसाला निघताना मी ठेवणीतलं जाकीट चढवलं.

"थांबा हो, मागून नीट करते," सुनंदा म्हणाली. केवढी ती माया!

हिमायतनगरात पोचताच मी दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहून सुरू केलं, "सदरा कळत नाही, विजार कळत नाही! कसले मराठी तुम्ही?" मागच्या बाजूचे पाहुणे रुमालाने डोळे पुसत होते. भाषण काळजाला भिडलं म्हणायचं!

"ते असू द्या," दिलीपराव म्हणाले. "ओवी वाचणार होती ना?"

मी इकडेतिकडे पाहिलं. ओवी समोर नव्हतीच. तेवढ्यात माझ्या पाठीमागून तिचा खणखणीत आवाज आला.

"हे... बाबांचं... जाकीट आहे. जाकिटाचं बटण... लागत नाही. बाबा म्हणतात, जाकीट आटलं. बाबा चोरून... श्रीखंड खातात!" आणि वर स्वतःची भर, "हौ, सच्ची बात है!"

टाळ्यांचा कडकडाट! सुनंदा शांतपणे केक खात होती.

"मानलं तुम्हाला!" दिलीपराव हसून हसून खुर्चीत कोसळले. "आमच्या पोरांनाही शिकवा. फक्त येताना हेच जाकीट घालून या!"

शब्द दिला होता, तो पाळला गेला. आता दर रविवारी हिमायतनगरात मराठीची शिकवणी असते. सुनंदा शिकवते, ओवी वाचून दाखवते. मी पाठ्यपुस्तक आहे.